फुटलेली दाढ आणि ऑनलेचा उपाय

धान्याच्या पेठेत ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही रीत सांगावयास नको. तुरीची वानगी हाती आली की त्यातील दोन दाणे दाढेखाली घ्यावयाचे. कटकन फुटले तर माल वाळलेला. दबले तर माल ओला, आणि भावात तेवढी सूट मागावयाची. हल्ली ओलावा मोजणारी यंत्रे आली आहेत, आमच्या गादीवरही एक आहे. परंतु वडिलांकडून आलेली सवय यंत्राने सुटत नाही. बेळगावच्या रविवार पेठेत गेल्या पौषात अशीच एक वानगी पाहत असता आमच्या दाढेखाली दाण्याऐवजी खडा आला. कटकन आवाज झाला खरा, पण तो तुरीचा नव्हता. डाव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेचा आतील कोपरा तुटून आमच्या जिभेवर आला होता.

दाढ त्या दिवशी दुखली नाही, आणि त्यामुळेच घात झाला. रक्त नाही, ठणका नाही, मग घाई कसली, असा विचार करून आम्ही मार्चअखेरचे हिशेब पुरे होईपर्यंत वाट पाहण्याचे ठरविले. व्यापारी माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत; त्या आपण होऊन गादीवर येऊन बसतात. दोनतीन आठवड्यांनी मात्र एक चमत्कारिक कळ येऊ लागली. घास दाबताना काही नाही. दाबलेला जबडा सुटताना मात्र क्षणभर जीव कळवळे. ही कळ दाढेला तडा गेल्याची खूण असू शकते, हे आम्हांस पुढे कळले.

याहून अवघड गोष्ट अशी की, उजव्या बाजूची जोडीची दाढ आम्ही बारा वर्षांपूर्वी अशाच दिरंगाईने गमावली होती. ती काढून टाकली तेव्हा ‘एका दाढेने काय अडते’ असे आम्हांस वाटले होते. पुढे शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेकडे कलली, वरची दाढ खाली उतरली, आणि उजवी बाजू चावण्याच्या कामातून जवळजवळ बाद झाली. सारा भार डाव्या बाजूवर आला, आणि आता तीच बाजू खचू लागली होती.

एके दिवशी सूर्यास्तापूर्वी आम्ही जेवावयास बसलो. ताटात ज्वारीची भाकरी होती. नकळत आमचा हात ती वाटीतल्या दुधात कुस्करू लागला. सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘प्रकृती बरी नाही काय?’’ तेव्हा आम्ही वाटीकडे पाहिले. आमच्या मातोश्री अखेरची आठ वर्षे अशीच कुस्करलेली भाकरी खात असत. त्यांना कवळी कधी मानवली नाही. खाकरा, भाजलेले चणे, कडक पापड, सारे त्यांनी एकामागून एक सोडले होते, आणि तो नियम नव्हता, नाइलाज होता. आमचे वय अद्याप साठीच्या आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गादी मुलाच्या स्वाधीन करून आम्ही दवाखाना गाठला. तेथे जे पाहिले व नंतर वाचून जे समजले, ते सभासद-बंधूंच्या व भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहो.

दाढ म्हणजे काय

प्रौढ माणसाच्या तोंडात बत्तीस दात धरले, तर त्यांपैकी बारा मोठ्या दाढा आणि आठ उपदाढा असतात. पुढचे दात तोडतात, सुळे फाडतात, दळण्याचे काम दाढांचे. दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर उंचवटे आणि त्यांमध्ये खोलगट चिरा असतात. खालच्या पहिल्या दाढेवर बहुधा पाच उंचवटे असतात. जात्याला टाकी लावलेली असते तसाच हा प्रकार आहे.

या माथ्यावर एनॅमलचे, म्हणजे दंतवल्काचे, कवच असते. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तोच. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु या कठीणपणाबरोबर एक उणीवही आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. एकदा तुटलेले दंतवल्क मात्र पुन्हा कधीही उगवत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात वर येतानाच नाहीशा होतात. दंतवल्काच्या आत डेंटिन हा थोडा मऊ थर आणि त्याच्या आत ज्याला आपण ‘दाताची नस’ म्हणतो तो जिवंत गाभा असतो.

येथे मुलांच्या मातापित्यांसाठी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. पहिली कायमची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या सर्व दाढांच्या मागे, काही न पाडता मुकाट्याने उगवते. त्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाची दाढ समजली जाते आणि ‘पडेल नि नवी येईल’ म्हणून तिची कीड दुर्लक्षिली जाते. ती पडत नाही, आणि तिच्यामागे दुसरी येतही नाही. आमची तुटलेली दाढ हीच होती.

दाढ फुटते कशी

आमच्या दाढेत पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली मोठी ‘चांदी’ होती. जिला लोक चांदी म्हणतात ती चांदी, कथील, तांबे आणि पारा यांची मिश्र धातू. तिने अनेकांच्या दाढा वर्षानुवर्षे राखल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती दाताला चिकटत नाही. खड्ड्याच्या घडणीमुळे त्यात अडकून राहते. खड्डा लहान असेल तर त्याने बिघडत नाही. तो मोठा असेल तर उरलेल्या भिंती आधाराविना उभ्या राहतात, आणि प्रत्येक घासाला मधली धातू पाचरीप्रमाणे त्यांना बाहेर रेटते. लाकडाच्या ओंडक्यात पाचर ठोकली की तो कोठे फुटतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला दाढेचा तडा समजावयास वेळ लागत नाही.

याचे मोजमापही झालेले आहे. १९८९ साली रीह, मेसर व डग्लस या संशोधकांनी काढलेल्या दातांवर प्रयोग करून पाहिले. नसेच्या उपचारासाठी माथ्यातून केवळ वाट केली तर दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटला. माथा आणि दोन्ही बाजूंच्या कडा कापून आरपार खड्डा केला तेव्हा मात्र तो सुमारे ६३ टक्क्यांनी घटला. तात्पर्य, दाताच्या दोन बाजूंच्या कडा म्हणजे पिंपाच्या पट्ट्या. त्या गेल्या की फळ्या आपोआप सैल होतात.

तीन वाटा

दवाखान्यातील डॉक्टरबाई आमच्या एका स्नेह्यांची कन्या. तिने तुटलेला कोपरा आरशात दाखविला, क्ष-किरण चित्र काढले, थंड बोळा लावून नस जिवंत असल्याची खात्री केली आणि म्हणाली, ‘‘काका, या दाढेला तीन वाटा आहेत. पुन्हा भरणे, कॅप घालणे, आणि तिसरी या दोहोंच्या मधली.’’

पुन्हा भरणे सर्वांत स्वस्त आणि एका बैठकीचे. पण जेथे उंचवटाच तुटला आहे आणि बाकीच्या भिंती पातळ आहेत, तेथे नवे भरणही जुन्या ठिकाणीच दगा देण्याचा संभव फार. कॅप म्हणजे दाढेला चोहोबाजूंनी घातलेली टोपी. ती मजबूत खरी. पण टोपी बसावी म्हणून दाढ सर्व बाजूंनी घासून बारीक करावी लागते, आणि त्यात निरोगी भागही जातो. २००२ साली एडेलहॉफ व सोरेन्सेन यांनी दाढांवर याचे वजन करून पाहिले. पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग घासला जातो असे त्यांना आढळले. इन्ले व अर्ध्या टोपीच्या प्रकारांत हेच प्रमाण सुमारे ५ ते २७ टक्के भरले.

ही मधली वाट म्हणजे ऑनले. खड्ड्यात, उंचवट्यांच्या आत बसविलेल्या घडीव तुकड्याला इन्ले म्हणतात. तोच तुकडा वर वाढवून एका किंवा अनेक उंचवट्यांवर पांघरला की तो ऑनले होतो. कमजोर उंचवटे थोडे उतरवून त्यांवर हे छप्पर घातले जाते. बाजूच्या शाबूत भिंतींना हात लावला जात नाही. छप्पर वरून दाब घेते आणि भिंतींना बाहेर रेटण्याऐवजी एकत्र धरते. ‘‘जे चांगले आहे ते आज घासून टाकले तर उद्या परत मिळणार नाही, काका,’’ एवढेच ती म्हणाली. मुद्दलाला हात न लावण्याचा उपदेश आम्ही चाळीस वर्षे इतरांना करीत आलो. तो आम्हांस एका तरुण मुलीकडून ऐकावा लागला.

मेण, आम्ल आणि यंत्र

हा उपाय नवा नाही. मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा घालावयाचा, उष्णतेने मेण वितळवून घालवावयाचे आणि त्या पोकळीत धातू ओतावयाची, ही कला आपल्या देशात फार प्राचीन. वडोदऱ्याजवळ अकोटा येथे १९५१ साली सापडलेल्या जैन धातुप्रतिमा याच कलेच्या. दंतवैद्यांत ही रीत रूढ केली ती अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट यांनी. १९०७ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी सोन्याचे इन्ले ओतण्याची आपली पद्धत मांडली. तेव्हापासून सोन्याचे इन्ले व ऑनले होऊ लागले. शुद्ध सोने मऊ, म्हणून त्यात इतर धातू मिसळाव्या लागतात, हे आपल्या सराफ-बंधूंना सांगावयास नको.

परंतु सोन्याचा तुकडा टिकावा म्हणून दात ठराविक आकारात कापावा लागे. सिमेंट केवळ फट भरून काढी. ही अडचण दूर होण्याची सुरुवात १९५५ साली झाली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल लावीत, यावरून मायकेल बुओनोकोर या दंतवैद्यास सुचले की दंतवल्कावरही तेच करून पाहावे. ८५ टक्क्यांचे आम्ल अर्धा मिनिट लावताच गुळगुळीत दंतवल्क सूक्ष्म रीतीने खरखरीत झाले आणि त्यावर राळ घट्ट धरू लागली. आज त्याहून सौम्य आम्ल वापरतात, तत्त्व मात्र तेच. तुकडा चिकटू लागला म्हणजे त्याला अडकविण्यासाठी निरोगी दात कापण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर १९८५ साली झुरिक विद्यापीठात वर्नर मोर्मान व मार्को ब्रान्देस्तिनी यांच्या यंत्राने दाताचे चित्र घेऊन चिनी मातीसारख्या ठोकळ्यातून इन्ले तेथेच कोरून रुग्णास बसविण्यात आला.

प्रत्यक्ष काम

आमचे काम दोन बैठकांत झाले. पहिल्या बैठकीत हिरडीत सुई देऊन जागा बधिर केली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसविला, म्हणजे लाळ आत येऊ नये. ओलसर दातावर राळ धरत नाही. जुनी चांदी काढल्यावर खाली थोडी कीड व एक बारीक तडा दिसला. तडा मुळापर्यंत गेला नव्हता, म्हणून दाढ वाचण्याजोगी होती. कीड साफ करून कमजोर उंचवटे दीड-दोन मिलिमीटर उतरविले. मग लहान कॅमेऱ्याने दाढेचे माप घेतले. जेथे असा कॅमेरा नाही तेथे मऊ लगद्याने ठसा घेतात. त्यानेही काम तितकेच नेटके होते. वर तात्पुरते झाकण लावून आम्हांस घरी धाडले आणि त्या बाजूने चिकट पदार्थ खाण्यास मनाई केली.

आठ दिवसांनी तयार ऑनले आला. तो आधी कोरडाच बसवून कडा तपासल्या. मग दात व तुकडा दोन्ही तयार करून राळेच्या सिमेंटने तो जोडला आणि निळ्या प्रकाशाने ते सिमेंट कठीण केले. शेवटी रंगीत कागद दाढांमध्ये ठेवून चावावयास सांगितले. जेथे रंग गडद उमटला तो उंच भाग घासला. ही अखेरची तपासणी क्षुल्लक वाटते, पण ‘जरासे उंच लागते’ असे वाटल्यास संकोच न करता तेथेच सांगावे. केसाएवढा उंचपणा पुढे दाढेला व जबड्याला जाच करतो.

पदार्थाची निवड आपल्या तोंडावर व खिशावर अवलंबून आहे. सोन्याची मिश्र धातू पातळ थरातही टिकते, फुटत नाही आणि समोरच्या दाताला फारशी झिजवीत नाही. दिसते मात्र पिवळी, आणि भाव तर रोजच्या वर्तमानपत्रात आहेच. सिरॅमिक दातासारखे दिसते व उत्तम चिकटते, पण त्याला पुरेशी जाडी लागते. पातळ राहिल्यास तडकते. घट्ट राळेचा ऑनले स्वस्त व दुरुस्तीस सोपा, पण लवकर झिजतो. आमच्या घरी एक शंका निघाली, ती इतरांच्याही मनात येईल म्हणून सांगतो. ‘बोन चायना’ भांड्यांत हाडांची राख असते. दातांच्या पोर्सेलीनमध्ये ती नसते, ते फेल्डस्पार, गारगोटी इत्यादी खनिजांपासून होते.

मर्यादा

हा उपाय सर्व दाढांना लागू नाही. तडा मुळात उतरला असेल, दाढ हिरडीच्या खाली खोलवर तुटली असेल किंवा चिकटवावयास निरोगी दंतवल्कच उरले नसेल, तर ऑनले टिकणार नाही. तेथे कॅप, आणि कधी कधी काढणे, हेच प्राप्त आहे. गरम पदार्थाने उठलेली कळ बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर आधी नसेचा उपचार, म्हणजे रूट कॅनाल, करावा लागतो. मात्र त्यानंतरही माथ्यावर छप्पर म्हणून ऑनले पुष्कळदा चालतो. झोपेत दात खाण्याची खोड असलेल्यांनी रात्री रक्षक पट्टी वापरावी. आणि ऑनले म्हणजे अभेद्य कवच नव्हे. त्याच्या कडेशी कीड पुन्हा लागू शकते, म्हणून त्या फटीतून रोज दोरा फिरवावा लागतो. नीट बसविलेले ऑनले दहा वर्षे व त्याहूनही अधिक काळ टिकल्याचे दाखले आहेत. पण ते राखणाऱ्यांचे.

खर्चाविषयी स्पष्ट लिहितो. ऑनले साध्या भरण्यापेक्षा बराच महाग, आणि साधारण कॅपच्या आसपास पडतो. आम्ही प्रथम कुरकुर केली. मग उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेचा हिशेब मांडला. तेथे दात बसवावयाचा तर आधी कललेली शेजारची दाढ सरळ करावी लागेल, मग हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. पैसा अनेक पटींनी, वेळ महिन्यांच्या मापाने. वेळेवर केलेली दुरुस्ती महाग नसते. महाग असते ती टाळलेली.

आपल्या गादीवरच्या सवयी

अखेर थोडे आपल्याच सवयींविषयी. गादीवर दिवसभर गोड चहाचे अर्धे-अर्धे कप येतात. प्रत्येक वेळी तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि अर्धा तासपर्यंत दंतवल्क त्या आम्लात राहते. साखर किती यापेक्षा ती किती वेळा, हे दाताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. म्हणून चहा घ्यावयाचा तर एकदाच घ्यावा आणि पाण्याने चूळ भरावी. सुपारीचे खांड दाढेखाली फोडणे हे दाढेला तडा देण्याचे हमखास साधन; शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीस, तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक ठरविले आहे. आपल्यापैकी जे सूर्यास्तानंतर खात नाहीत त्यांच्या दातांना मोठा लाभ आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि रात्रीचे खाणे दाताला चिकटून राहते. मात्र शेवटच्या घासानंतर दात घासले तरच तो लाभ पदरात पडतो. उपचारासाठी नोंदणीकृत दंतवैद्याकडेच जावे, हे वेगळे सांगावयास नको.

आता एक विनंती. हा अंक खाली ठेवल्यावर आरशापुढे उजेडात उभे राहून आपल्या दाढा पाहाव्यात, आणि घरातील सहासात वर्षांच्या मुलांच्याही. कोठे कोपरा तुटला असेल, जुन्या चांदीभोवती काळी रेघ दिसत असेल, चावून सोडताना कळ येत असेल, तर या आठवड्यातच दाखवावे. दिवाळी, लग्नसराई, मार्चअखेर यांची वाट पाहू नये.

आमची दाढ आता पूर्ववत दळते. तुरीची वानगी मात्र आम्ही यंत्राने पाहतो. परवा एक जुने दलाल हसून म्हणाले, ‘‘शेटजी, दाताखाली घेऊन पाहा की!’’ आम्ही दाणे त्यांच्याच हातावर परत ठेवले.